एकशे पासष्टचा क्रँक

कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणसानं आधी कामातून निवृत्त व्हायला हवं, असं मला वाटत होतं. मी अजून टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. वर्तकनगरला मामाच्या सायकलच्या दुकानात काम करायला लागून या दिवाळीत तीन वर्षं होतील. आठवणी मागणाऱ्या दिवाळी अंकाच्या संपादकांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तीन वर्षांत एखादी सायकल तरी डोक्यात राहिली असेल ना?" एक राहिली आहे खरी. म्हणून लिहायला बसले.

दुकानात मुलगी दिसली की गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतं. "दादा नाहीत का?" मागून मामा चाकाच्या तारा आवळत सांगतो, "दादा तीच आहे. बोला." पहिल्या वर्षी मला लाज वाटायची. आता मी नुसतं विचारते, "काय होतंय सायकलला?"

एकदा डोंबिवलीहून एक गृहस्थ घामाघूम होऊन आले. त्यांनी कुणाकडून तरी वापरलेली सायकल घेतलेली. म्हणाले, "मॅडम, हिच्या पायडलमध्ये काहीतरी बिघाड आहे. मी थांबतो, पण ते थांबत नाहीत." बिघाड काहीच नव्हता. ती फिक्सी होती. ते तिच्यावर बसून थेट आले नव्हते, बराचसा रस्ता चालत आले होते.

फिक्सी म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतारावर पाय थांबवले की टकटक आवाज येतो आणि सायकल आपली आपण जात राहते. फिक्सीत ते फ्रीव्हीलच नसतं. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना घट्ट बांधलेले. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतायत तोवर तुमचे पाय फिरणार. तुम्ही दमला आहात का, हे सायकल विचारत नाही. गोल ट्रॅकवरच्या शर्यतींना अशाच सायकली लागतात.

अशी सायकल बनवताना सगळ्यात जास्त डोकं लागतं ते क्रँकसेट आणि बीबी निवडायला. पायडल ज्यांना लावतात ते दोन दांडे म्हणजे क्रँक. उजव्या दांड्याला जी दातेरी चकती असते ते चेनव्हील. दोन्ही मिळून क्रँकसेट. हे दोन दांडे जोडणारा आस फ्रेमच्या अगदी तळाला, एका आडव्या नळीत बेअरिंगवर फिरतो. तो सगळा संच म्हणजे बॉटम ब्रॅकेट, आम्ही बीबी म्हणतो. बाहेरून तो दिसतही नाही. पण आस चार मिलिमीटर जास्त लांब घेतला तर चेन तिरकी धावते, आणि फिक्सीची चेन उतरली की माणूसही उतरतो, आपल्या मर्जीशिवाय.

मागच्या वर्षी तन्वी भोईर दुकानात आली ती खांद्यावर नुसती फ्रेम घेऊन. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा वीतभर उंच. दिवा स्टेशनच्या पुढे त्यांचं गाव, आता चारी बाजूंनी बिल्डिंगी झालेलं. तिच्या कोचनं स्वतःची जुनी रेसची फ्रेम तिला दिली होती. चाकं होती, हँडल होतं. क्रँक आणि बीबी नव्हते.

"महिन्याभरानं निवड चाचणी आहे," ती म्हणाली. "ट्रॅकवर आठवड्यातून एकदाच जायला मिळतं. बाकी दिवस रस्त्यावर हिच्यावर सराव केला नाही तर माझं काही होणार नाही."

"मग अडचण काय?" मामानं विचारलं.

"पप्पा. पाय थांबत नाहीत असली सायकल त्यांनी बघितली नाही कधी. ते म्हणतात, मी सोता बसून बघन. मला पाडलान तर तुला पन पाडल. मंग ती सायकल आपल्या घरात नाय."

मामानं डोळे मिटून घेतले. "वजन किती पप्पांचं?"

"नव्वदच्या पुढे. ते सांगत नाहीत."

असं ठरलं. सायकल बनवायची तन्वीसाठी, पण पास व्हायची तिच्या वडिलांच्या परीक्षेत.

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी लेक्चर चालू असताना वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे, आमच्या सरांनी वाचलं तर वाचू दे. चेनव्हीलला किती दाते घ्यायचे? फिक्सीवाले मागचं चाक पायांनी अडवून सायकल घसटत थांबवतात. तेव्हा पाय नेहमी एकाच स्थितीत असतात. पुढे अठ्ठेचाळीस आणि मागे सोळा दाते घेतले, तर पायडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. म्हणजे टायर दर वेळी त्याच एका जागी घासतो आणि तिथेच फाटतो. पण पुढे सत्तेचाळीस आणि मागे सतरा घेतले तर? सत्तेचाळीस आणि सतरा यांचा मसावि एक. टायरच्या सतरा वेगवेगळ्या जागा आळीपाळीनं घासतात.

मसावि. पाचवीत असताना बाईंनी पट्टी मारून शिकवलेला मसावि. त्याचा उपयोग काय, असं माझ्या आईनंही विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. मी बाकावर बसल्या बसल्या हसायला लागले. शेजारणीला वाटलं माझा फोन वाजतोय.

दुकानात जाऊन मामाला सांगितलं. मामा सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "म्हणजे ज्या दोघांना मिळून फक्त एकानंच भाग जातो ते आकडे घ्यायचे?"

"हो."

"मग टायर सतरा ठिकाणी झिजणार?"

"हो मामा."

त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं हे सांगितलं. पंक्चर काढायला आलेल्या दूधवाल्यालाही.

मग बीबी. फ्रेमच्या नळीचे आटे तपासले. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून फ्रेमच खराब करतो. नळीची रुंदी मोजली. ड्रॉवरमध्ये एकशे अठरा मिलिमीटरचा आस पडलेला होता, मामा तोच घालणार होता. मी फ्रेमच्या मध्यापासून मागच्या दात्यांचं अंतर मोजून म्हटलं, "मामा, एकशे दहाचा लागेल." मामानं वाद घातला नाही. त्याची तपासायची स्वतःची पद्धत आहे. समोरच्या फुलवालीकडून गजऱ्याचा दोरा आणायचा, मागच्या दात्यातून पुढच्या दात्यापर्यंत ताणायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. एकशे दहाचा आस बसवून त्यानं दोरा ताणला. दोरा सरळ. त्यानं दुसरा डोळा मिटून पुन्हा बघितलं. सरळ.

"अगं, तू तर इंजिनियर झालीस," तो म्हणाला. मी गणिताची आहे, पण मी दुरुस्त केलं नाही.

इथवर सगळं छान होतं. माझी चूक इथून पुढे सुरू होते.

उरली होती क्रँकची लांबी. भिंतीवर दोन जोड्या लटकलेल्या, एकशे पासष्ट मिलिमीटरची आणि एकशे पंचाहत्तरची. मामानं न बोलता एकशे पासष्टची काढली. मी म्हटलं, "मामा, तन्वी उंच आहे. आणि तरफेचा नियम आहे ना, दांडा लांब तेवढा जोर कमी लागतो. पंचाहत्तरची घेऊ." वहीत काढलेली आकृतीही दाखवली. बाण बिण काढलेली.

मामा एकशे पासष्टचा क्रँक हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या अंगठ्यानं दांड्याच्या टोकाशी काहीतरी चाचपल्यासारखं केलं. मग त्यानं तो परत खिळ्याला लावला.

"तू म्हणतेस तर बरोबरच असेल," तो म्हणाला.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

पुढे एक ब्रेक बसवून, रविवारी टेंपोत सायकल घालून आम्ही तन्वीच्या गावी गेलो. ब्रेक एकच, पुढच्या चाकाला. भोईरकाका गल्लीच्या तोंडाशी उभे होते. पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, पायात स्पोर्ट्स शूज, तेही पांढरे, बहुतेक त्याच दिवसासाठी आणलेले. पूर्वी त्यांची मिठागरं होती, आता दोन बिल्डिंगी आहेत. गल्लीतली पोरं कठड्यांवर बसलेली. घराघरांतून बायका बाहेर आल्या होत्या.

मी घाबरत सांगितलं, "काका, फक्त एवढं लक्षात ठेवा. पाय थांबवायचे नाहीत. तुम्ही थांबवायला गेलात तर ती तुम्हाला उचलेल."

"मना उचलल?" त्यांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "उचलू दे."

ते बसले. सायकल काहीच बोलली नाही, याचं मला अजून कौतुक आहे. पहिले दहा मीटर त्यांचे पाय त्यांचे होते. त्यानंतर ते सायकलचे झाले. गल्लीतून पांढरा सदरा वाढत्या वेगानं निघाला आणि त्यांचा आवाज ऐकू येत राहिला, "ही थांबत नाय रं. ही खरंच थांबत नाय." पोरं कठड्यावरून उड्या मारून मागे धावली. एक म्हातारी म्हणाली, "या वयात काय सुचलंय याला." आणि काका चक्क हसत होते. मी बघितलं, ते हसत होते. तन्वीनं माझा दंड धरला होता. तिची नखं लागत होती, पण आम्ही दोघीही हसत होतो.

गल्लीच्या शेवटी स्पीडब्रेकर होता. पुढचं चाक त्यावरून गेलं. मग खट्ट असा आवाज झाला, मागचा भाग उचलला गेला आणि भोईरकाका बांधकामाच्या रेतीच्या ढिगाऱ्यावर सावकाश आडवे झाले. लागलं काही नाही. पण पांढऱ्या सदऱ्याचा रंग रेतीचा झाला. सगळी गल्ली गप्प झाली, आणि मग सगळी गल्ली हसली. ते जास्त वाईट झालं.

काकांनी उठून सदरा झटकला. मुलीकडे न बघता म्हणाले, "घेऊन जा ही. परत नको."

 तन्वी आत गेली. चाचणीला तीन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी सायकल स्टँडवर चढवली. डाव्या पायडलच्या खालच्या कडेला सिमेंटचा पांढरा ओरखडा होता. तो बघितल्यावर सगळं कळलं. नेहमीच्या सायकलवर स्पीडब्रेकर आला की आपण नकळत पाय थांबवतो आणि दोन्ही पायडल एका पातळीत आणतो. फिक्सीत पाय थांबवताच येत नाहीत. म्हणजे ब्रेकर मधोमध असताना एखादं पायडल अगदी खाली येऊ शकतं आणि ते टाळणं आपल्या हातात नसतं. क्रँक लांब तेवढं ते जमिनीच्या जवळ. वळणावर सायकल कलली तरी तेच होणार. म्हणून फिक्सीला आखूड क्रँक लावतात.

"मामा," मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

मामा छर्रे ग्रीसमध्ये बसवत होता. "वाटलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं वर बघितलं नाही. "तुझं ते टायरचं बरोबर आलेलं. आसाचं बरोबर आलेलं. मला वाटलं, आपण जुन्या सवयीनं म्हणतोय, पुस्तकात काहीतरी नवीन आलं असेल. आपल्या घरात पहिल्यांदा कोणीतरी एवढं शिकतंय. मी कशाला मध्ये बोलू?"

मला खूप रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही कुणावर ते कळेना. मी म्हटलं, "वहीत स्पीडब्रेकर नसतो मामा. तो तुला माहीत असतो. तू बोलायलाच पाहिजे."

"बरं," मामा म्हणाला. "मग आता बोलतो. आधी जाऊन तो ब्रेकर मोज. अंदाजानं पासष्ट लावू नको."

म्हणून आम्ही दोघं पुन्हा गेलो, सायकल दुकानात ठेवून, कंपासपेटीतली पट्टी आणि गजऱ्याचा दोरा घेऊन. मामानं दोऱ्याचं एक टोक ब्रेकरच्या वर धरलं, मी रस्त्यावर ओणवी होऊन उंची वाचली. आठ सेंटिमीटर. दुकानात मोजून आणलं होतं, पंचाहत्तरच्या क्रँकला पायडल खाली असताना साडेसात सेंटिमीटर जागा उरत होती. पासष्टच्याला साडेआठ. मी तिथेच रस्त्यावर बसून म्हटलं, "मामा, अर्धा सेंटिमीटर. फक्त अर्धा." आणि आम्हाला दोघांनाही वेड्यासारखं हसू आलं.

"म्युन्सिपाल्टीतून आलाव?" मागून आवाज आला.

भोईरकाका होते. त्यांनी आम्हाला लगेच ओळखलं नाही. त्यांचं लक्ष पट्टीवर होतं.

"यो ब्रेकर कायदेशीर हाय," ते घाईनं म्हणाले. "म्हंजे, कायदेशीर नाय, पन गरजेचा हाय. पोरं खेलतात इथं. मी सोता उभं राहून बनवून घेतलाय."

मामानं मान खाली घातली. मी हसू आवरायला ओठ चावला. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, ब्रेकरकडे बघितलं, रेतीच्या ढिगाऱ्याकडे बघितलं.

"म्हंजे मना माज्याच ब्रेकरनं पाडलान?"

तन्वी दारात आली होती. ती पदर नसलेल्या टी-शर्टनं तोंड झाकून आत पळाली.

काकांचा तर नूरच बदलला. चूक सायकलची नाही म्हटल्यावर त्यांना केवढं मोकळं वाटलं. "अरे, मंग सांगाचं ना. उद्या पहार लावतो याला. सपाट करून टाकतो. तुमी सायकल आना परत, आहे तशी."

मामा माझ्याकडे बघत होता.  मी हो म्हणाले असते तर तन्वीला सायकल मिळाली असती. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक सोसायटीनं आपापल्या मापाचे ब्रेकर घातलेत. काका किती ठिकाणी पहार लावणार?

"काका," मी म्हटलं, "ब्रेकरची चूक नाही. क्रँकची आहे. मामा छोटा लावत होता, मी लांब लावायला लावला. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे."

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू कॉलेजला जातंस ना?"

"हो."

"मंग?"

मी हातातल्या पट्टीवरची धूळ पुसायला लागले. 

"ठीक," ते म्हणाले. "मंग ब्रेकर हाय तसाच ठेवतो. छोटा लाव. आनि पुढच्या रविवारी तू बस. मी नाय, माजी पोरगी नाय. तू. गेलीस बरोबर तर सायकल तन्वीची."

मी तोवर फिक्सी फक्त स्टँडवर चालवली होती, म्हणजे चाक हवेत. त्या आठवड्यात कॉलनीच्या आवारात मी सकाळी सकाळी सराव केला. चार वेळा पडले. दोनदा जास्वंदीत, एकदा वॉचमनच्या खुर्चीत, सुदैवानं तो उठून पाणी प्यायला गेलेला. चौथ्या पडण्याबद्दल मी लिहिणार नाही.

रविवारी गल्ली पुन्हा भरली. कठड्यांवर आधीपेक्षा जास्त पोरं. भोईरकाका ब्रेकरच्या बाजूला उकिडवे बसले आणि त्यांनी कान रस्त्याजवळ नेला. आवाज झाला की नाही ते त्यांना स्वतः ऐकायचं होतं. मामा रेतीच्या ढिगाऱ्याजवळ उभा राहिला, ते मला फारसं आवडलं नाही. तन्वी सुरुवातीला सायकल धरून होती. 

"पाय थांबवू नकोस," ती म्हणाली.

"माहितीये."

"हसू पण नकोस, तोल जातो."

मी निघाले. पायांनी ऐकणं सोडलं आणि वेग आला. दोन्ही बाजूंनी दारं, कपडे, तोंडं मागे जाऊ लागली. ब्रेकर जवळ आला तसं मनात एकच चाललं होतं, साडेआठ वजा आठ, साडेआठ वजा आठ. पुढचं चाक चढलं. पाय खाली गेला. मी डोळे मिटले, मिटायला नको होते. मागचं चाक चढलं आणि उतरलं.

काही आवाज झाला नाही.

मी ओरडले की गाणं म्हटलं ते आठवत नाही. आनंदाच्या भरात ब्रेक आहे हेच विसरले, त्यामुळे गल्ली संपली, मैदान आलं, क्रिकेट खेळणाऱ्यांची स्लिप पांगली, मैदानाला वळसा घालून मी त्याच ब्रेकरवरून उलट दिशेनं परत आले. पुन्हा आवाज नाही. मामानं मला धरून थांबवलं तेव्हा त्याच्या चपला दोन हात घसटत गेल्या. त्याचे डोळे भरलेले होते आणि तो म्हणत होता, "ब्रेक, अगं ब्रेक, तो शोभेला लावलाय का मी?"

भोईरकाका गुडघ्यांवर हात ठेवून उठले. कानाला धूळ लागलेली.

"मना काय ऐकू आलं नाय," ते म्हणाले, आणि सायकल मुलीकडे ढकलली.

चाचणीत तन्वीची निवड झाली नाही. तिची वेळ थोडी मागे पडली. पुढच्या खेपेला ती पुन्हा जाणार आहे. मध्यंतरी बीबी तपासायला मी एकदा सकाळी तिच्या गावी गेले. आधी स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. भोईरकाका पुढे स्कूटरवर, एका हातानं रिक्षा, दूधवाले, शाळेची पोरं, बकऱ्या, सगळ्यांना बाजूला सारत येत होते, आणि तन्वी मागून सरळ रेषेत. तिच्या सायकलचा ब्रेक उत्तम चालतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते, "सरका रं, बाजूला व्हा. माज्या पोरीची सायकल थांबत नाय."